विषय : गाऱ्हाणे घालण्याबाबत

देवाला 'महोदय' म्हणणारा आमच्या पंचक्रोशीतला मी पहिलाच माणूस असणार. आता त्यावर लोक हसतात, मीही हसतो, पण ज्या दिवशी हे घडलं त्या दिवशी देवळासमोर दीड-दोनशे माणसं उभी होती आणि त्यातलं एकही हसलं नव्हतं. माझा थोरला भाऊ खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होता. मी जे बोलणार होतो त्यावरून, गावाच्या लेखी, त्याचं पुढचं आयुष्य ठरायचं होतं.

आमच्याकडे, म्हणजे मालवणच्या किनाऱ्याला, कुठलीही नवी गोष्ट गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. घाटावर गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्याकडे ते देवाशी केलेलं बोलणं. पेरणी असो, नवी होडी असो, मुंबईला मुलाखतीला निघालेली मुलगी असो, कुणीतरी जाणतं माणूस नारळ पुढे ठेवून देवाला सगळं मोठ्यानं सांगतं आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणतात. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे आहे. आधी आजोबा, मग वडील, मग दादा. दादाचा आवाज वारा उलटा असला तरी खाडीपलीकडे ऐकू जायचा, आणि बोलताना तो काही म्हणून राखून ठेवायचा नाही. विंचूकाटा, ताप, फुटकं इंजीन, तुटकं जाळं, भाऊबंदकी, सगळं देवाच्या कानावर घालायचा. 'कोणी वायट चिंतला असात, वाकडा केला असात, ता तू बाजूक कर म्हाराजा.' जे जे म्हणून बिघडू शकतं ते दादाला पाठ होतं.

मी धाकटा. शाळेत बरा निघालो, म्हणून ओरोसला सरकारी कचेरीत लागलो आणि चौतीस वर्षं आवक-जावक टेबलावर बसलो. राहायला सरकारी क्वार्टर, सणावारी एस.टी.नं गाव. दादा देवाशी बोलायचा, मी वरिष्ठांशी. दोन्हीकडे उत्तर उशिरानंच यायचं, पण दादाच्या देवानं कधी 'त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे' असं लिहून पाठवल्याचं ऐकिवात नाही.

गेल्या मार्गशीर्षात दादाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय लटपटला आणि वाचा पार बसली. पाय हळूहळू सुधारला. वाचा नाही. वहिनी त्याला आठवड्यातून एकदा कुडाळला एका बाईंकडे न्यायची, त्या बोलण्याचे धडे देत. बाईंनी सांगितलं, 'यांना सगळं कळतंय. शब्द आत आहेत, वाटेत अडकतात. तुम्ही घाई करू नका, त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका.' सल्ला सोपा होता, म्हणून कुणी तो पाळला नाही. दादानं तोंड उघडलं की घरातली तीन माणसं तीन वाक्यं पुरी करायची, आणि दादा तोंड मिटायचा.

माझी निवृत्ती मे अखेरीस होती. त्याआधी आम्हा निघणाऱ्यांसाठी एक दिवसाचं शिबिर झालं. विषय होता, 'नवी सुरुवात, नवा दृष्टिकोन'. वक्ते शहरातून आले होते. मे महिन्यात ओरोसला कोट घालून दिवसभर उभा राहणारा माणूस साधा नव्हे, हे मी तेव्हाच ओळखलं. ते म्हणाले, विश्वाला 'नाही' हा शब्द ऐकूच येत नाही. तुम्ही म्हणालात, 'मला आजारी पडायचं नाही', तर विश्व फक्त 'आजारी' एवढंच ऐकतं आणि तेवढंच पाठवून देतं. मला हे ताबडतोब पटलं. अर्ज पुरता न वाचता वरचा एक शब्द बघून शेरा मारायचा, ही पद्धत माझ्या चांगल्या परिचयाची होती. विश्वातही एक आवक-जावक टेबल आहे आणि तिथे आपल्यासारखंच कुणीतरी बसलेलं आहे, या विचारानं मला फार आधार वाटला.

मग त्यांनी प्रत्येकाला एक कार्ड दिलं. जे हवं ते लिहायचं, पण झालंच आहे असं समजून, वर्तमानकाळात. माझ्या शेजारच्या गृहस्थानं लिहिलं, 'माझे गुडघे दुखत नाहीत.' वक्त्यांनी वाकून बघितलं आणि 'नाहीत' खोडायला सांगितलं. तो बिचारा खोडून उरलेल्या 'माझे गुडघे दुखत' याकडे बघत राहिला. 'साहेब, मगे रवला काय?' असं त्यानं विचारलं, पण तोवर साहेब पुढच्या रांगेत गेले होते.

मी लिहिलं, 'माझा भाऊ बोलत आहे.' ते कार्ड मी प्लास्टिकमध्ये घालून घेतलं. खरं सांगतो, हसायला मी आज हसतो, पण तेव्हा ते खिशात ठेवून मी वरून बटण लावलं होतं. चौतीस वर्षांत मी हजारो कागदांवर शिक्के मारले, पण कागदाकडून काही मागितलं ते पहिल्यांदाच.

गावी आलो आणि पहिल्या दिवशी ते कार्ड दादाच्या पलंगापाशी भिंतीला लावलं. त्याच दिवशी घरात आदेश काढला. दादासमोर 'नाही', 'नको', 'नाय', 'संपलं', 'बिघडलं' यातला एकही शब्द उच्चारायचा नाही. माझ्या बायकोनं चौतीस वर्षं माझे आदेश ऐकून सोडून दिले होते, त्यामुळे तिला त्रास झाला नाही. वहिनीला झाला.

'भावजी, मीठ संपला,' वहिनी म्हणाली.

'वहिनी, असं म्हणायचं नाही. मीठ येत आहे, असं म्हणायचं.'

'कोण हाडता?'

'मी आणतो.'

'मगे जावा,' वहिनी म्हणाली आणि पिशवी हातात दिली.

पुढे पुढे वहिनीला या भाषेचा चांगलाच सराव झाला. गॅस येत आहे, नारळ पडलेले उचलले जात आहेत, पाणी वर चढत आहे, असं ती दादासमोर गोड आवाजात म्हणायची आणि मी उठून पंप बघायला जायचो. मासे विकणारीला तिनं दारातच बजावून ठेवलं होतं, 'गो, आमच्याकडे नाय म्हणूची बंदी आसा. बांगडो नसात तर गप रव, मी टोपलेत बघतंय.' मासेवाली आल्यावर मुकाट्यानं टोपली खाली ठेवायची. शेजारपाजारचे समजले की तिचीही वाचा गेली.

भेटायला येणाऱ्यांना मी खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणातच, गाठून तयार करायचो. मग ते आत जाऊन म्हणायचे, 'बरो दिसतंस रे. फुडल्या म्हयन्यात बोलाक लागतलंस.' दादा डोळे मिटून घ्यायचा. मी ते मनःशांतीचं लक्षण समजायचो. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्यातलं आंधळं कोण ते मला फार उशिरा कळलं.

इकडे गावाची वेगळीच अडचण झाली होती. दादा पडल्यापासून गाऱ्हाणं कुणी घालायचं हा प्रश्न होता. शिमग्याला वाडीतल्या एका हौशी माणसानं तोड काढली. त्याच्या मोबाइलमध्ये आदल्या वर्षीचं दादाचं गाऱ्हाणं होतं, ते त्यानं देवळाच्या लाउडस्पीकरला जोडून दिलं. आवाज दादाचाच, त्यामुळे माणसांनी सवयीनं 'होय म्हाराजा' म्हणायला सुरुवात केली. पण मागणं गेल्या वर्षीचं. एका मुलाचं लग्न ठरू दे असं त्यात होतं. ते लग्न ठरून, होऊन, सूनबाई माहेरी निघूनही गेली होती. तो मुलगा तिथेच मान खाली घालून उभा, आणि गाव त्याचं लग्न पुन्हा ठरवत होतं. मध्येच फोन वाजला. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं त्या वाजण्यालाही 'होय म्हाराजा' म्हटलं.

हे मला सांगताना वहिनी हसत होती. मग हसता हसता थांबली. देवळाचा लाउडस्पीकर आमच्या घरापर्यंत ऐकू येतो. दादा तेव्हा पलंगावर होता. 'सोताचो आवाज आयकलो नि भिंतीकडे तोंड करून निजलो,' वहिनी म्हणाली. 'दोन दिस पेज घेवक नाय.' या वेळी तिनं 'नाय' म्हटलेलं मी ऐकलं, पण टोकलं नाही.

श्रावणात गावातले दोन जाणते घरी आले. नारळी पौर्णिमा जवळ आली होती. त्या दिवशी देवळात गाऱ्हाणं होतं, मग वाजतगाजत नारळ समुद्राला सोडतात आणि होड्या बाहेर काढतात. मोबाइलचं आता देव ऐकणार नाही असं त्यांचं मत पडलं होतं. मान आमच्या घराचा, तेव्हा यंदा धाकट्यानं उभं राहावं. दादा आतल्या खोलीत होता. दार उघडं होतं.

ते गेल्यावर वहिनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज खाली ठेवून म्हणाली, 'भावजी, तुमी उभे रवलात काय गाव म्हणतलो, ह्येंचा बोलणा संपला. मगे कोण वाट बघूचो नाय. माका धरून.'

ती 'माका धरून' म्हणाली ते मला लागलं. म्हणजे वाट बघण्याचं काम आठ महिने ती एकटी करत होती आणि मी कार्ड लावून मोकळा झालो होतो. पण कबूल करील तो कारकून कसला. मी तिला समजावलं की हा फक्त तात्पुरता कार्यभार आहे. मूळ पदावरचा माणूस रजेवर असताना दुसऱ्यानं टेबल सांभाळायचं, मूळ माणूस हजर झाला की परत द्यायचं. सरकारात हे रोज चालतं. वहिनीनं विचारलं, 'आणि मूळ माणूस हजर झालोच नाय तर?' त्याला सरकारात काय म्हणतात ते मला माहीत होतं, पण मी ते तिला सांगितलं नाही.

तेव्हा वहिनीच म्हणाली, देवाला विचारा. आमच्याकडे देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. गुरवानं प्रश्न घातला, थोरलो बरो होयसर धाकट्यान गाऱ्हाणा घातला तर चलात काय. आम्ही वाट बघत बसलो. तासभर एकही पाकळी हलली नाही. मला हा अनुभव जुना होता. 'प्रकरण विचाराधीन आहे.' शेवटी जमलेल्यांपैकी कुणीतरी, उकडतं म्हणून, भिंतीवरचा पंखा लावला. उजवीकडची पाकळी पडली. सगळे 'होय म्हाराजा' म्हणाले. गुरवानं आधी पंख्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि तो कापूर शोधायला आत गेला.

मी तयारीला लागलो. दादाचं गाऱ्हाणं लहानपणापासून ऐकत आलेला मी, आठवून आठवून वहीत उतरवलं. उतरवल्यावर वाचून बघितलं आणि मला धक्का बसला. त्यात पानोपानी 'नाय' होतं. वायट, वाकडा, इडा, पिडा, रोग, राई, बुडणं, मोडणं. कोटवाल्या वक्त्यांनी ते वाचलं असतं तर त्यांना घेरी आली असती. इतकी वर्षं गाव विश्वाकडे हेच मागतंय आणि विश्व त्यातला नेमका वाईट शब्द उचलून पाठवतंय, मग दुसरं काय होणार. दादाला झटका का आला, तेही मला त्या दुपारी कळल्यासारखं वाटलं. आज लिहितानाही या वाक्याची लाज वाटते, पण वाटलं होतं ते वाटलं होतं.

लाल पेन घेऊन मी एकेक 'नाय' खोडला. जिथे जमेल तिथे वाक्य उलटं फिरवलं. 'होडी बुडा नको' याचं 'होडी तरंगता हा' केलं. जे वाक्य फिरवता येईना ते काढूनच टाकलं. शेवटी दीड पान उरलं, अगदी स्वच्छ. चार दिवस ते माडाच्या बागेत फिरत मालवणीत घोकलं. आमची मालवणी मला घरात, बाजारात, बसस्टँडवर येते. घोकताना छान येत होती.

नारळी पौर्णिमेला दुपारनंतर देवळासमोर माणसं जमली. होडीवाले, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणीवाले, बागायतवाले, मुंबईहून दोन दिवसांसाठी आलेले. समुद्र त्या दिवशी अजून खवळलेलाच होता, देवळात उभं राहून गाज ऐकू येत होती. वहिनीनं दादाला धुवट सदरा घालून खुर्चीत आणून बसवलं होतं. त्याला आणू नये असं मला वाटत होतं. पण सकाळी वहिनी सदरा घेऊन उभी राहिली तेव्हा त्यानं डावा हात स्वतःहून बाहीत घातला होता, म्हणजे त्याला यायचं होतं. तो माझ्यापासून पाच-सहा हातांवर होता.

नारळ हातात घेऊन मी गाभाऱ्याकडे वळलो आणि माझं काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. चौतीस वर्षं मी मालवणीत फक्त बरोबरीच्या माणसांशी बोललो होतो. समोर वरिष्ठ दिसले की जीभ आपोआप शर्टाची बटणं लावून उभी राहायची. आणि देवाहून वरिष्ठ कोण. मी तोंड उघडलं आणि स्वच्छ खणखणीत आवाजात म्हणालो, 'माननीय महोदय.'

कुणी 'होय म्हाराजा' म्हटलं नाही. म्हणावं की नाही, ते कुणाला कळेना. मला थांबता येईना.

'उपरोक्त विषयास अनुसरून आपणास सविनय सादर करण्यात येते की, चालू हंगामातील मासेमारी आजपासून सुरू करण्यात येत असून, सर्व होड्या विपुल मासळीसह सुखरूप परत येत आहेत, समुद्र शांत आहे, वारा अनुकूल आहे, तसेच सर्व ग्रामस्थांचे आरोग्य उत्तम असून...'

सरकारी वाक्याला पूर्णविराम नसतो हे मी विसरलो होतो. 'होय म्हाराजा' म्हणायला वाक्य संपावं लागतं. माणसांनी श्वास भरून घेतले होते आणि ते तसेच धरून ठेवले होते. 'असून' आलं की वाटायचं, आता संपणार, की पुढे 'तथापि' यायचं. समुद्र शांत आहे असं मी म्हणालो तेव्हा एका म्हाताऱ्या रापणकरानं मागे वळून समुद्राकडे बघितलं. शेजाऱ्याला हळूच म्हणाला, 'होडये अजून रेवेर आसत. ह्यो परत खंयच्ये हाडता?'

ते मला ऐकू आलं, आणि होड्या खरंच अजून वाळूवरच होत्या. घाम कानामागून उतरत होता. काही करून 'आपला विश्वासू' गाठायचं, एवढंच आता डोक्यात होतं. आणि तेवढ्यात दीपमाळेपाशी काहीतरी हललं, म्हणून मी मान वळवून बघितलं.

दीपमाळेपाशी एक बाई उभी होती. तिचा नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी समुद्रावर गेला तो परत आला नाही, मूलबाळ नव्हतं, ती एकटीच राहते. दर वर्षी गाऱ्हाणं संपत आलं की ती एक पाऊल पुढे यायची आणि हात जोडायची. एकाच वाक्याला. दादा त्या जागी आवाज उतरवून म्हणायचा, 'ज्येचा कोण नाय, तेचो तू हो म्हाराजा.' बाकी दोनशे माणसांचं सगळं मागून झालं की तिच्यासाठी एवढं एक वाक्य असायचं. ते मी खोडलं होतं. त्यात 'नाय' होतं, आणि ते फिरवताच येईना. 'ज्येचा कोण आसा, तेचो तू हो' असं करून बघितलं होतं, पण तिथे देवाची गरजच काय राहते.

ती एक पाऊल पुढे आली होती. हात अर्धे जोडलेले. आणि मी 'कळावे' म्हणून पुढे निघालो होतो.

खुर्ची वाजली. दादा डाव्या हातानं खुर्चीचा हात बडवत होता. त्याचा चेहरा लाल झाला होता, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. मला वाटलं, दुसरा झटका. वहिनीला तेच वाटलं, ती धावली. दादानं तिला डाव्या हातानं बाजूला केलं. 'च,' तो म्हणाला. मग, 'चु.' कुणी त्याचं वाक्य पुरं करायला गेलं नाही, कारण पुढे काय असेल ते कुणालाच सुचलं नाही. दादानं श्वास घेतला.

'चुकलंस,' दादा म्हणाला.

आवाज घोगरा होता, आठ महिने न वापरलेला. पण तो त्या खुर्चीतून आलेला दादाचा आवाज होता, आणि भरून ठेवलेल्या श्वासांना अखेर एक पुरं वाक्य मिळालं होतं. दीडशे-दोनशे माणसं एका दमात म्हणाली, 'होय म्हाराजा.'

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वहिनी देवळाच्या पायरीवर मटकन बसली होती. मला नारळ टाकून दादाकडे जायचं होतं, पण दादा त्या एका शब्दावर थांबलाच नव्हता. त्याला माझं रडणं नको होतं. तो डावा हात दीपमाळेकडे करून माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. आयुष्यभरात त्यानं माझ्याकडे इतकं रागावून बघितलेलं मला आठवत नाही, आणि इतकं बरंही मला कधी वाटलेलं नाही.

मी वही बंद केली. 'बा देवा म्हाराजा,' म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली, मालवणीत. बुडणं, मोडणं, विंचूकाटा, वायट-वाकडं, आठवेल तेवढं सगळं देवाच्या कानावर घातलं. निम्मं विसरलो. विसरलो तिथे दादा खुर्ची बडवायचा. दीपमाळेच्या बाईच्या वाक्यापाशी आलो तेव्हा आवाज उतरवायची आठवण मला कुणी करून द्यावी लागली नाही, तो उतरलेलाच होता. 'ज्येचा कोण नाय,' मी म्हणालो, 'तेचो तू हो म्हाराजा.' तिनं हात जोडले आणि पदर डोळ्यांना न लावता ती मागे सरकली.

दादा त्या दिवसानंतर भराभरा बोलायला लागला असं सांगितलं तर शिबिरवाल्यांना बरं वाटेल. तसं झालं नाही. त्याच्याकडे तो एकच शब्द आला होता आणि पुढचे कित्येक दिवस तो तेवढाच होता. चहा हवा का विचारलं की गप्प. पाय चेपू का विचारलं की गप्प. पण वहिनी चहात साखर घालायची विसरली की, 'चुकलंस.' माझ्या बायकोनं कोलीमला, म्हणजे जवळ्याला, बोंबील म्हटलं की, 'चुकलंस.' गोड बोलायला येणाऱ्यांपुढे तो अजूनही डोळे मिटतो. कुडाळच्या बाईंना आम्ही हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, 'मग चुका की.'

भिंतीवरचं कार्ड मी काढलं. पुढच्या नारळी पौर्णिमेला कोण उभं राहील ते मला माहीत नाही. गाव माझं नाव सोडायला तयार नाही, वहिनी दादाचं सोडायला तयार नाही, आणि कौल लावायचा तर आता पंख्याची वायर काढून ठेवायची असं गुरवानं ठरवलंय. मला मात्र निवृत्तीनंतरचं काम मिळालं. रोज सकाळी पेज झाली की मी दादासमोर बसतो आणि चुकतो. गावातल्या माणसांची नाती चुकीची सांगतो. भरतीला ओहोटी म्हणतो. आजोबांनी कुठल्या साली होडी घेतली ते दहा वर्षं इकडेतिकडे करून सांगतो. चौतीस वर्षं मी चूक होऊ नये म्हणून तीन-तीनदा तपासून कागद पुढे पाठवले, आणि आता चुका सुचत नाहीत म्हणून रात्री मनात जुळवून ठेवतो.

परवा बुधवार होता. मी म्हटलं, 'दादा, आज सोमवार मां?'

'चुकलंस,' दादा म्हणाला. मग तो थांबला नाही. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, कपाळाला घाम आला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हातातला पळा तसाच. आम्ही दोघांनी त्याचं वाक्य पुरं केलं नाही. 'बु,' तो म्हणाला. बराच वेळ गेला. 'बुध. वार.'

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मला त्याला मिठी मारायची होती.

'नाय रे दादा,' मी म्हटलं, 'सोमवारच.'